भुलीच्या सुईला घाबरणाऱ्या वरमाईस

प्रश्न : माझं वय ५२. दोन्ही कान ओघळले होतेच, त्यात गेल्या वर्षी लेकीच्या मुलानं कडेवर असताना झुबा ओढला आणि डावी पाळी पार खालपर्यंत फाटली. मार्गशीर्षात धाकट्याचं लग्न आहे आणि सासूबाईंचे झुबे घालायची फार हौस आहे. डॉक्टर म्हणाले, जागा बधिर करून तासाभरात दोन्ही कान शिवून होतील. माझं अडतंय ते त्या बधिर करण्याच्या सुईपाशी. मागे वरची दाढ काढताना टाळूत दिलेलं इंजेक्शन आठवलं की अजून अंगावर काटा येतो. तेव्हा छातीत धडधडलं होतं, हात कापायला लागले होते. मला त्या औषधाची ॲलर्जी तर नसेल? जाऊबाई म्हणतात, दोन बाळंतपणं केलीस आणि सुईला काय घाबरतेस! पार्लरवाली म्हणते, सुई-टाके काही नको, औषध लावून कान जोडून देते. काय करू? आणि करायचंच तर दोन्ही कान एकाच दिवशी करावेत का?
– एक वरमाई, सांगली जिल्हा

उत्तर :

वरमाई, पहिल्यांदा जाऊबाईंना बाजूला बसवू. बाळंतपणाच्या कळा सोसलेल्या बाईनं सुईला घाबरू नये, असा काही नियम नाही. फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार पायाचं कुरूप काढायला आले आणि सिरिंज बघूनच पांढरेफटक पडले, हे मी पाहिलंय. तुम्ही घाबरता आहात कारण तुम्हाला एकदा खरोखर दुखलं होतं. आणि त्या दिवशी जिथे सुई गेली ती जागा तोंडातल्या सगळ्यात वाईट जागांपैकी एक आहे.

गालाच्या आत जीभ फिरवून बघा, तिथलं मांस मऊ आणि सैल लागेल. आता टाळूला जीभ लावा. तिथलं आवरण हाडाला घट्ट चिकटलेलं असतं, मध्ये पोकळ जागाच नाही. त्यात औषध सोडायचं म्हणजे ते आवरण हाडापासून ताणून सुटं करत जाणं. तुम्हाला आठवते ती कळ मुख्यतः त्या ताणाची आहे, सुईच्या टोकाची कमी. कानाच्या पाळीचं उलटं असतं. कानाच्या वरच्या भागात, जिथे बुगडी घालतात, तिथे कूर्चा असते आणि कातडी तिला चिकटलेली असते. पाळीत कूर्चा नाही, नुसती कातडी आणि चरबी. औषधाला शिरायला जागा आहे. त्यामुळे तीच सिरिंज, तेच औषध, तोच हात असला तरी पाळीतली सुई टाळूतल्या सुईसारखी दुखत नाही. हे मी तुमची समजूत काढायला सांगत नाही, शरीराची रचनाच तशी आहे.

पण ‘कमी दुखेल’ एवढ्यावर तुम्हाला पाठवणार नाही, कारण ते आणखी बरंच कमी करता येतं. भुलीच्या इंजेक्शनात तीन वेगवेगळी दुखणी असतात. एक सुई टोचल्याचं. ते क्षणभराचं. दुसरं औषधानं मांस आतून ताणलं जाण्याचं. तिसरं औषध झोंबण्याचं, म्हणजे जे आग-आग होतं ते. आपण सगळे घाबरतो पहिल्याला, आणि जास्त दुखवतात दुसरं आणि तिसरं. या दोन्हींवर इलाज डॉक्टरांच्या हातात असतो.

औषधाबद्दल थोडं सांगते. दवाखान्यात ज्याला झायलो म्हणतात ते म्हणजे लिग्नोकेन. स्वीडनमध्ये निल्स लॉफग्रेन या रसायनशास्त्रज्ञानं १९४३ साली ते तयार केलं आणि १९४८ पासून ते झायलोकेन या नावानं विकायला आलं. लॉफग्रेनचा तरुण सहकारी बेंग्ट लुंडक्विस्ट यानं ते स्वतःच्या अंगात टोचून घेऊन तपासलं होतं. म्हणजे पंचाहत्तर वर्षांहून जास्त काळ जगभर हेच औषध चालू आहे. तुमच्या दाढेच्या वेळी तेच असणार, कानाच्या वेळीही बहुधा तेच असेल. त्यामुळे वेगळं औषध मागण्यात फार अर्थ नाही. फरक पडतो तो ते कसं दिलं यानं.

सगळ्यात मोठा फरक वेगाचा. सिरिंजचा दट्ट्या किती हळू दाबला जातो, यावर ताणाचं दुखणं ठरतं. एका पाळीला साधारण एक-दोन मिलीलिटर औषध लागतं. ते दहा सेकंदांतही आत ढकलता येतं आणि दोन मिनिटं घेऊनही सोडता येतं. हळू सोडलं तर पुढे जाणारं औषध आधी पोहोचलेल्या थेंबांनी बधिर झालेल्या जागेतूनच सरकतं. सुई टोचून पहिले थोडेसे थेंब सोडायचे, मग सुई तशीच धरून अर्धा-पाऊण मिनिट थांबायचं, आणि मग पुढे. ज्या डॉक्टरांच्या हाताला ही सवय आहे त्यांचे पेशंट टेबलावर गप्पा मारत पडलेले असतात. याला पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही, फक्त बाहेर बसलेल्या पेशंटना दोन मिनिटं जास्त थांबावं लागतं. गर्दीच्या ओपीडीत नेमकी तीच दोन मिनिटं कापली जातात, हे आमच्या व्यवसायातलं उघड गुपित आहे.

दुसरी गोष्ट सुईची जाडी. सुईच्या मापात आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक. ३० नंबरची सुई कातडीसाठी चांगली. बारीक सुईचा एक आडफायदा असा की तिच्यातून औषध जोरात ढकलताच येत नाही, हात आपोआप हळू होतो. आणखी एक बारकावा. बाटलीच्या रबरी बुचातून ज्या सुईनं औषध ओढलं तिनंच टोचू नये. बुचात घुसून टोक बोथटतं. ओढायला एक सुई, टोचायला दुसरी कोरी.

आता झोंबण्याचं. लिग्नोकेनमध्ये बहुतेक वेळा ॲड्रिनॅलिन मिसळलेलं असतं. त्यानं रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी येतं आणि भूलही जास्त वेळ टिकते. पण ॲड्रिनॅलिन आम्लातच टिकतं, म्हणून कारखान्यातच ते द्रावण आंबट ठेवतात. त्याचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, चारच्या आसपास. आकडा जितका लहान तितकं आंबट. आपल्या शरीराचा पीएच ७.४. इतकं आंबट द्रावण कातडीखाली गेलं की चरचरणारच. उपाय साधा आहे. टोचण्याच्या अगदी आधी नऊ-दहा भाग लिग्नोकेनमध्ये एक भाग इंजेक्शनचं सोडाबायकार्ब मिसळायचं. आंबटपणा मोडतो आणि भूलही जरा लवकर चढते. यावर पुष्कळ प्रयोग झालेत. २०१० साली कोक्रेन या संस्थेच्या आढाव्यात ते एकत्र तपासले गेले, तेव्हा दुखणं कमी होतं असाच निष्कर्ष निघाला, आणि ॲड्रिनॅलिनवाल्या औषधात फरक जास्त दिसला. सोडाबायकार्बची इंजेक्शनं मोठ्या दवाखान्यांत दुसऱ्या कामांसाठी असतातच. छोट्या क्लिनिकमध्ये नसतील तर त्यावरून डॉक्टर बदलू नका. आणि कृपा करून कोणी घरून खायचा सोडा घेऊन जाऊ नका. हसू नका, असे प्रश्न मला येतात.

औषध कोमट असलं तरी कमी दुखतं. फ्रिजमधून थेट काढलेली बाटली किंवा एसीत गार पडलेली सिरिंज जास्त चरचरते. शरीराच्या तापमानाइतकं, ३७ अंशांच्या आसपास आणलेलं औषध मवाळ जातं. काही नर्स सिरिंज भरून मुठीत धरून ठेवतात. मला ती सवय फार आवडते, त्यातून पेशंटशी दोन शब्दही बोलले जातात.

हे झालं डॉक्टरांचं. तुम्ही स्वतः करायची एक गोष्ट म्हणजे क्रीम. लिग्नोकेन आणि प्रिलोकेन प्रत्येकी अडीच टक्के असलेलं क्रीम मिळतं. डॉक्टरांना विचारून, त्यांनी चिठ्ठी दिली तरच घ्या. सुईच्या वेळेआधी एक तास पाळीच्या पुढून आणि मागून जाडसर थर द्यायचा. चोळून जिरवायचं नाही. वर पारदर्शक चिकटपट्टी किंवा स्वच्छ प्लॅस्टिकचा तुकडा लावून हवाबंद करायचं. वीस मिनिटांत पुसून टाकलंत तर उपयोग नाही, पूर्ण तास लागतो. कातडी पांढुरकी किंवा लालसर दिसली तर घाबरू नका. मात्र क्रीम कानाच्या भोकात ओघळू देऊ नका. पडद्याला छिद्र असेल तर ते आत जाऊन अपाय करू शकतं. पूर्वी कान फुटला असेल, वाहत असेल, तर ते आधीच सांगा. डोळ्यालाही हात लावू नका. उरलेली ट्यूब नातवाच्या हाती लागणार नाही अशी ठेवा, त्याचा पराक्रम आपण पाहिलाच आहे.

क्रीमनं कातडीचा वरचा थर बधिर होतो, म्हणजे पहिलं दुखणं, टोचण्याचं, जवळपास जातं. आतला ताण क्रीमला कळत नाही. म्हणून क्रीम लावलं तरी हळू देण्याची विनंती करायचीच.

सुई जाताना शेजारची जागा चिमटीत धरणं, बोटानं टकटक करणं, क्षणभर बर्फ लावणं, यांचाही उपयोग होतो. टेबलाच्या कोपऱ्यावर कोपर आपटलं की आपण ते न सांगता चोळतो, त्यातलीच ही गत. स्पर्शाचे आणि थंडाव्याचे संदेश मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांची वाट अडवतात. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली हा सिद्धांत मांडला. तपशिलात पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, पण चिमटा अजून काम करतो. दाताच्या वेळी मी पेशंटना इअरफोन लावून गाणी ऐकायला सांगते. इथे कानच गुंतलेले आहेत, तेव्हा सोबत बोलक्या माणसाला न्या. जाऊबाई चालतील, पण त्यांना आधी हे वाचायला द्या.

आता तुमच्या धडधडीबद्दल. तुम्ही लिहिलंय त्यावरून ती ॲलर्जी असण्यापेक्षा ॲड्रिनॅलिनचा परिणाम असण्याची शक्यता जास्त वाटते. ते थोडंफार रक्तात गेलं की छाती धडधडते, हात कापतात आणि काही मिनिटांत ओसरतं. भीतीनं तर शरीर स्वतःचंच ॲड्रिनॅलिन सोडतं, दोन्हींची भर पडली असेल. लिग्नोकेनची खरी ॲलर्जी फार क्वचित असते. तेव्हा अंगावर पित्त उठलं होतं का, ओठ-चेहरा सुजला होता का, श्वास कोंडला होता का, हे आठवून बघा. यातलं काही झालं असेल तर गोष्ट वेगळी, मग ॲलर्जीची रीतसर तपासणी झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. काहीच झालं नसेल तरी धडधडीची हकीगत डॉक्टरांना सांगाच. रक्तदाब, हृदयाचा त्रास, मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, जखमेचा व्रण फुगून वर येण्याची प्रवृत्ती, हेही सांगा. कानाच्या पाळीवर असे व्रण फुगण्याचं प्रमाण जास्त असतं. काही ठिकाणी आधी हाताच्या कातडीत थेंबभर औषध देऊन ‘टेस्ट’ करतात. ती चक्क चरचरते, कारण अगदी वरच्या घट्ट थरात देतात. तिच्यावरून पुढच्या सुईचा अंदाज बांधू नका.

उपाशीपोटी जाऊ नका. नुसती जागा बधिर करायची असेल तर उपास लागत नाही, डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलं असेल तरच. भीती आणि रिकामं पोट एकत्र आलं की घेरी येते. सुई आडवं पडूनच घ्या, खुर्चीत बसून नको. डोळ्यांपुढे अंधारी येतेय असं वाटलं तर मांड्या आणि पोटऱ्या आवळून धरा, आणि तोंडानं सांगा.

हे सगळं डॉक्टरांना सांगायचं कसं, हा तुम्ही न विचारलेला प्रश्न मला पत्रात दिसतो. ‘तुम्ही सांगाल तसं, डॉक्टर’ म्हणत आपण टेबलावर चढतो आणि मग दहा वर्षं ती आठवण उशाशी घेऊन झोपतो. डॉक्टरांना शिकवल्यासारखं होईल का? नाही होणार, जर तुम्ही उपायाच्या आधी भीती सांगितलीत. साधारण असं : ‘डॉक्टर, मागे टाळूतल्या सुईनं मला फार त्रास झाला होता, तेव्हापासून धास्ती बसलीय. तुम्ही औषध अगदी सावकाश सोडाल का? आणि मी तासभर आधी क्रीम लावून आले तर चालेल?’ एवढंच. बारीक सुईचं, कोमट औषधाचं, सोडाबायकार्बचं पुढच्या बोलण्यात विचारता येईल. हे टेबलावर पडल्यावर सांगू नका, आदल्या भेटीत किंवा फोनवर सांगा, म्हणजे त्या दिवशी तुमच्यासाठी वेळ राखून ठेवता येईल. हातानं खुणेची भाषाही ठरवा. डावा हात वर केला की थांबायचं. बहुतेक पेशंट तो हात वर करतच नाहीत. थांबवता येतंय एवढं माहीत असलं तरी बरंचसं भागतं. आणि तुमच्या विनंतीवर कोणी ‘एवढ्याशा सुईला काय!’ म्हणून हसलंच, तर सांगली-मिरज-कोल्हापूर पट्ट्यात कान शिवणाऱ्या सर्जनची वाण नाही.

भूल दिल्यावर लगेच कात्री चालवू देऊ नका. काही मिनिटं जाऊ द्यायची असतात. मग डॉक्टर टोचून विचारतील. तेव्हा खरं सांगा. टोक लागलं तर ‘टोचतंय’ म्हणा, भिडेखातर ‘ठीक आहे’ म्हणू नका, आणखी थोडं औषध देता येतं आणि तेव्हा ते जाणवतही नाही. मात्र बधिर जागेतही दाब आणि ओढ समजते, ती भूल कमी पडल्याची खूण नाही. आणि कानाच्या बाबतीत एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही, ती सांगते. आवाज येतो. कात्रीची कचकच आणि टाक्याचा दोरा सरकताना होणारी खरखर कानाशेजारीच असल्यानं मोठी ऐकू येते. दुखत नाही, पण दचकायला होतं. माहीत असलेलं बरं.

पार्लरचं नाव काढू नका. तुमच्या फाटलेल्या पाळीच्या दोन्ही कडांवर आता कातडी आलेली आहे, आणि कातडीला कातडी जुळून येत नाही. त्या कडा कापून ताज्या कराव्या लागतात, मगच त्या एकमेकींना धरतात. ओघळलेलं पण न फाटलेलं भोक लहान करण्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ ट्रायक्लोरॲसेटिक ॲसिड लावतात. ते तीव्र आम्ल आहे, जाणत्या हातानं वापरायचं. उजव्या कानासाठी तो पर्याय त्वचारोगतज्ज्ञांना विचारायला हरकत नाही. डाव्या कानाला टाकेच.

मुहूर्ताचं गणित मात्र कडक आहे. टाके साधारण आठवड्यानं निघतात. नवं भोक पाडायला त्यानंतर दीड-दोन महिने तरी थांबायला लावतात, आणि ते व्रणावर न पाडता शेजारी पाडतात. म्हणजे गणपतीच्या आधी शिवून घेतलंत तर दिवाळीच्या सुमारास भोक, आणि मार्गशीर्षापर्यंत ते भरून येईल. गणपती उलटले की लग्नात कानांत काही घालता येईलच असं नाही. सासूबाईंचे झुबे किती तोळ्यांचे आहेत ते तुम्ही लिहिलं नाहीत. जड असतील तर सोन्याचे वेल लावून भार केसांवर घ्या, आणि अक्षता पडल्या, फोटो झाले की उतरवून ठेवा. नवी पाळी चार-पाच तास पूर्ण वजन पेलेल, अशी आशा करू नका.

दोन्ही कान एकाच दिवशी? औषधाच्या हिशेबानं काहीच अडचण नाही. साध्या, म्हणजे ॲड्रिनॅलिन नसलेल्या लिग्नोकेनची मर्यादा दर किलो वजनाला साडेचार मिलिग्रॅम धरतात. ६० किलोच्या बाईला २७० मिलिग्रॅम, म्हणजे दोन टक्क्यांचं (दर मिलीलिटरला २० मिलिग्रॅम) औषध साडेतेरा मिलीलिटर झालं. दोन्ही पाळ्यांना मिळून लागेल ते तीन-चार. भीतीच्या हिशेबानंही एकदाच बरं. क्रीम लावण्याचा तास एकदाच आणि सुट्टीही एकच. भूल उतरायच्या आत, घरी पोहोचल्यावर लगेच डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी घ्या, ठणका लागायची वाट बघू नका.

अडचण एकच, झोपण्याची. दोन्ही कानांना टाके असले की आठवडाभर उताणं झोपावं लागतं. कुशीवर वळल्याशिवाय डोळाच लागत नसेल, तर आधी फाटलेला डावा करा आणि उजव्यासाठी दोन आठवड्यांनी जा.